आम्ही एक जूनवाल्या

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही, बहिणीला तर नाहीच — तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. मग आत्ताच का सांगते आहे? ते मलाही धड कळलेलं नाही. सांगून मोकळं व्हायचंय म्हणावं, तर यात मोकळं होण्यासारखं मला काही दिसत नाही. आणि खरं सांगू — आपलं नक्की कुठे चुकलं, यातच माझा अजून गोंधळ आहे. त्यामुळे मी सरळ मुद्द्यावर येणार नाही. थोडी इकडून तिकडून फिरून येईन.

खोपोलीच्या अलीकडे, खालापूर तालुक्यात, पुठ्ठ्याची खोकी बनवणारा एक कारखाना आहे. नाव सांगत नाही. तिथे मी हिशेब खात्यात आयुष्य काढलं. राहते नेरळला, पण मूळची पोशीरची. कर्जतला कंपनीच्या बसमध्ये बसायचं, पळसदरी मागे पडली की डबा नीट ठेवला का ते पाहायचं, आणि गेट आलं की उतरायचं. त्या गेटवर मोठ्या अक्षरांत पाटी होती — ‘माणसं हीच आमची खरी संपत्ती’. इतकी वर्षं त्या पाटीखालून गेले, पण एकदाही हसू आलं नाही. मी पाटीवर विश्वास ठेवणाऱ्यांपैकी.

त्याला कारण होतं. नोकरी करता करता बाहेरून एम.कॉम. केलं, तेव्हा मनुष्यबळ लेखांकन नावाचा एक धडा होता. कंपनीने यंत्र घेतलं की ताळेबंदात ते मालमत्ता म्हणून बसतं. माणूस घेतला की त्याचा पगार खर्चात जातो. म्हणजे गोंद लावायचं यंत्र ही मालमत्ता, आणि त्या यंत्रावर उभी राहणारी बाई हा खर्च! धडा म्हणत होता, माणसाचंही मोल काढा आणि मालमत्तेच्या बाजूला मांडा. मला ते एवढं पटलं की मी जेवताना नवऱ्याला समजावत बसले. तो म्हणाला, आमटी गार होते आहे.

पुढे जुन्या मालकांनी कारखाना विकायला काढला. घेणाऱ्या कंपनीला यंत्रं, जागा, कच्चा माल, सगळ्याची किंमत हवी होती — आणि माणसांचीही. कोण करणार? मीच. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! वाटलं, बघा, शेवटी आपल्या माणसांना ताळेबंदात जागा मिळते आहे. हे मी अगदी मनापासून केलं. हे मुद्दाम सांगते आहे, कारण पुढचं वाचून तुम्हाला वाटेल की बाई पहिल्यापासून दगडाची. तशी नव्हते मी. की होते?

पद्धत तशी सोपी. या माणसाची नोकरी अजून किती उरली, तेवढ्यात त्याला काय पगार मिळेल, त्यावरून त्याचं आजचं मोल. उरलेली वर्षं जास्त, तर मोल जास्त. झालं काय, की कालपरवा लागलेली, खोक्याची घडी उलटी घालणारी मुलं सगळ्यांत मौल्यवान ठरली आणि जुनी माणसं तळाला गेली. पद्धतच तशी, त्यात मी काय करणार? सगळ्यांत आधी मी माझंच मोल काढून पाहिलं. कुणीही पाहिलं असतं. दुसरं मंदाचं पाहिलं.

मंदा पॅकिंगला होती. पोशीरला आमची घरं शेजारी-शेजारी, भिंतीला भिंत. नवरा गेल्यावर ती माहेरी भावाकडे परत आली, आणि तिला कारखान्यात मीच चिकटवलं. तोंडाने फटकळ, कामाला ठीकठाक, डबा हमखास विसरणारी. दुपारी माझ्या डब्यातली भाजी अर्धी तीच खायची आणि वर मीठ कमी म्हणून नावं ठेवायची. तिला कुठून तरी या मूल्यांकनाचं कळलं, आणि भरल्या कॅन्टीनमध्ये मला म्हणाली, “शशे, माझा काय भाव काढलास गं? कोंबडीवाला बी वजन दाखवून सांगतो!” सगळे हसले. मीही हसले. आकडा सांगितला नाही. सांगण्यासारखा उरलाच नव्हता.

आता मला एक जूनबद्दल सांगायला हवं.

आमच्या वयाच्या गावाकडच्या निम्म्या माणसांची जन्मतारीख कागदोपत्री एक जून असते. आईबापांना तारीख माहीत नसायची. गुरुजी पोरगं उभं करायचे, पूर्ण सहा वर्षं धरायचे आणि शाळा सुरू व्हायच्या हिशेबाने एक जून लिहून टाकायचे. आमच्या कारखान्यात तर त्या दिवशी कॅन्टीनला एकच मोठा केक यायचा — एक जूनवाल्यांचा. गाणं म्हणताना नावाची ओळ आली की ज्याने त्याने आपापलं नाव घ्यायचं, त्यामुळे तिथे नुसता गलका व्हायचा. मंदा सगळ्यांच्या वरताण ओरडायची. तिची तारीख आणि माझी तारीख एकच. सालसुद्धा तेच.

पण मंदा माझ्याहून चांगली दोन-अडीच वर्षांनी लहान. हे मला पक्कं माहीत आहे. मला माहीत असणार नाही तर कुणाला?

मी शाळेत जायला तयार नव्हते. एकटी म्हणून जाईना, रडून गोंधळ घालायचे. शेवटी वडिलांनी शेजारच्या मंदालाही सोबत घेतलं — ही संगत असली की आमची बसेल. ती तेव्हा कमरेएवढी. गुरुजींनी म्हटलं, ही फारच लहान दिसते. मग त्यांनी नेहमीची परीक्षा घेतली. उजवा हात डोक्यावरून पलीकडे न्यायचा आणि डावा कान धरायचा. बोटं कानाला पोचली तर पोर सहा वर्षांचं. माझी सहज पोचली. मंदाची पोचेनात, कानाच्या वरच राहिली. मी तिच्या पाठीमागे उभी होते आणि मला कळलं, की आता ही घरी जाणार आणि मी एकटी राहणार. मी हळूच म्हटलं, “मान वाकडी कर.” तिने डोकं उजव्या खांद्याकडे कलवलं, मग मी मागून तिचा कोपर ढकलला — आणि बोटं लागली कानाला. गुरुजी चष्म्यातून बघून हसले. वडील म्हणाले, लिहा हो गुरुजी, काय बिघडतं त्यात. गुरुजींनी लिहिलं.

काय बिघडतं, ते फार पुढे दिसायचं होतं.

नव्या कंपनीने ठरवलं की ज्यांची नोकरी दोन वर्षांहून कमी उरली आहे, त्यांना सोबत घ्यायचं नाही. हिशेब चुकता करायचा, नारळ द्यायचा. कामगारांची निवृत्ती अठ्ठावन्नला, आम्हा ऑफिसवाल्यांची साठला. म्हणून एकाच तारखेला जन्मलेल्या आम्ही दोघी — मी रेषेच्या वर राहिले, ती खाली गेली. मी काढलेल्या मोलावरूनच ही रेषा मारली गेली. मला कुणी विचारून मारली नाही. पण रेष मारता येईल असं मांडून मीच दिलं होतं ना?

मंदा गप्प बसणारी नव्हती. ती सरळ वर गेली आणि म्हणाली, माझं खरं वय कमी आहे, गुरुजींनी वाढवून लिहिलंय. पुरावा काय? पुरावा काही नाही. ती जन्मली तिच्या आजोळी, डोंगराकडच्या वाडीत, तिथे कोण नोंद करतंय. आई गेलेली, माझे वडील गेलेले, गुरुजीही गेलेले. “मग ती शशी हाय की तुमच्या हपिसात,” मंदा म्हणाली. “तिला इचारा. आमी संगतीनंच गेलो शाळंत.”

मला आत बोलावलं. नव्या कंपनीकडून आलेले साहेब माझ्या मुलीच्या वयाचे. उद्धट मुळीच नव्हते, उलट माझ्यासाठी खुर्ची ओढून दिली. आदल्याच आठवड्यात त्यांनी माझं काम पाहून म्हटलं होतं, मॅडम, इतकं स्वच्छ मूल्यांकन मी मोठ्या कंपन्यांतही पाहिलं नाही. आणि मग एक जूनच्या ओळी पाहून हसून विचारलं होतं, इथे सगळे एकाच दिवशी जन्मतात का? मीही त्यांच्याबरोबर हसले होते. मी — जिची स्वतःची तारीख तीच!

ते म्हणाले, कागदावरची तारीख मला बदलता येणार नाही. पण अपवाद म्हणून दोन-तीन वर्षं वाढवून देता येतात. तुम्ही जबाबदार माणूस आहात, त्यांच्या गावच्या आहात. तुम्ही म्हणालात की त्या लहान आहेत, तर मी मानीन. लेखी काही नको.

म्हणजे सगळं माझ्या एका वाक्यावर येऊन थांबलं. मंदा दाराशी उभी होती, पदराने गळ्याचा घाम पुसत. ती काळजीत नव्हतीच. मी आत आले म्हणजे काम झालं, असा तिचा चेहरा. बसमध्ये ती मला सकाळी म्हणाली होती, “पगार हाय तवर भावजय मला इचारून भाजी करते गं. नायतर मी बी घरातलं एक भांडंच.” तिला काय गमवायचं होतं, ते मला अगदी स्पष्ट माहीत होतं.

आणि मी म्हटलं, “मला नाही आठवत, सर. फार लहान होतो आम्ही.”

बस. एवढंच. मी चोरी केली नाही, कुणाच्या ताटात विष कालवलं नाही. आठवत नाही म्हटलं. आठवत नाही म्हणणारी माणसं रोज हजार असतात.

पण मला आठवत होतं. वडिलांच्या धोतराचा काठ, मंदाचा गरम कोपर — सगळं. त्या क्षणी तर इतर कुठल्याही क्षणापेक्षा जास्त आठवत होतं.

मग का म्हटलं मी तसं? इथेच तर माझा गोंधळ आहे, आणि इतकी वर्षं तो सुटत नाही. कधी वाटतं, मी घाबरले. मंदाची तारीख खोटी ठरली असती, तर साहेबांनी पुढचा प्रश्न विचारला असता — आणि तुमची, मॅडम? मी शाळेत उशिरा गेले होते. आई म्हणायची, सातवं सरलेलं होतं तुझं. म्हणजे मी ऑफिसात बसून माझ्या हक्काच्या नसलेल्या वर्षाचा पगार मोजून घेणार होते. हे कारण पटण्यासारखं आहे. पण खरं सांगते, त्या खुर्चीत बसले होते तेव्हा हा विचार मनात आला होता का, की तो मी नंतर शोधून काढला, मला सांगता येत नाही.

कधी वाटतं, मी माझं काम जपलं. एक तारीख चुकीची म्हटली, की सगळ्या एक जूनवाल्यांच्या तारखा चुकीच्या. तारखा गेल्या की वर्षं गेली, वर्षं गेली की मोल गेलं. माझं ते स्वच्छ मूल्यांकन, ज्याचं कौतुक झालं होतं, ते सगळं कोलमडलं असतं. जन्मभर कुणी कौतुक केलं नव्हतं हो माझं. हे कारण पहिल्यापेक्षा जास्त लाजिरवाणं आहे, म्हणून मला वाटतं तेच खरं असावं. पण लाज वाटली म्हणजे खरं, असं कुठे असतं?

आणि कधी कधी — हे लिहायला हात अडखळतो — वाटतं की मला मंदाचा राग होता. कसला, ते विचारू नका. ती माझ्या डब्यातलं खायची म्हणून? कॅन्टीनमध्ये माझी टिंगल केली म्हणून? की नवरा गेला, पोरबाळ नाही, भावाच्या घरात राहते, तरी ती कारखान्यात शिरली की सगळे तिच्याकडे बघून हसायचे, आणि मी शिरले की हसता हसता गप्प व्हायचे, म्हणून? मला खरंच माहीत नाही. माणसाचं मोल काढणाऱ्या बाईला स्वतःच्या मनातलं एक साधं कारण काढता येऊ नये!

मंदाने त्या वेळी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं होतं आता शिव्या देईल. पण तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, काळजी होती. बाहेर आल्यावर माझा हात धरून म्हणाली, “शशे, तुला खरंच नाय आठवत? डाक्टरला दाखव गं एकदा.”

तिने माझ्यावर विश्वास ठेवला. मी विसरले, हे तिला पटलं. मी खोटं बोलले असेन, हे तिच्या मनालाही शिवलं नाही. त्या वेळी सांगता आलं असतं. आत जाऊन म्हणता आलं असतं, सर, आता आठवलं. त्याला काही लागलं नसतं. मी कपाळाला हात लावला आणि म्हटलं, हल्ली होतं खरं असं.

तिला नारळ मिळाला, शाल मिळाली. मी आणखी नोकरी केली, माझ्या तारखेपर्यंत. तिच्याशिवाय बसमध्ये शांतता असायची. मला ती शांतता आवडली नाही, पण जागा बदलून खिडकीशी बसायला लागले, हेही खरं.

आणि मग तिने एक नवीनच सुरू केलं. मी पोशीरला गेले की ती मला ती शाळेची गोष्ट सांगायची. माझी आठवण परत यावी म्हणून! आधी भिजवलेले बदाम पुढे करायची — भावजयीच्या नकळत आणलेले — आणि मग सुरू. “तुला आठवत नाय, मी सांगते. तुझा बा मला न्यायला आला...” मी पहिल्यांदाच ऐकते आहे असा चेहरा करून ऐकायचे. हो का, असं झालं का, म्हणायचे. दर वेळी. तिच्या गोष्टीत रडणारी ती असायची आणि तिचा हात धरणारी मी. खरं तर रडत मी होते. कानाच्या परीक्षेशी आली की म्हणायची, “आन मग काय झालं कोण जाणे, पोचला बघ हात! देवाची करणी.” माझं कुजबुजणं तिला आठवतच नव्हतं. कोपर ढकलल्याचंही नाही. मी बदाम चावत मान हलवायचे.

आता घरात तिचं काय चाललंय ते डोळ्यांना दिसतं. आतल्या खोलीतून तिची गादी ओट्यावर आली आहे. चहा करायचा तर ती आधी भावजयीकडे बघते. मंदा, जी भरल्या कॅन्टीनमध्ये ओरडायची.

गेल्या महिन्यात गेले होते. भावजय शेतावर गेलेली, मंदा ओट्यावर वालाचं बिरडं सोलत बसलेली. मीही समोर बसून सोलायला लागले. बदाम काढले नाहीत तिने, बहुतेक संपले असावेत. पण गोष्ट सुरू केली. बा आला, गुरुजी म्हणाले लहान दिसते, हात डोक्यावरून ने म्हणाले. आणि या वेळी तिने सोललेले दाणे बाजूला ठेवून खरंच हात वर केला, मला दाखवायला. तिचा तो खांदा हल्ली धरलेला असतो. हात डोक्यावर अर्ध्यातच अडला. बोटांना वालाची सालं चिकटलेली, आणि बोटं कानाच्या वर हवेत चाचपडत राहिली. ती हसायला लागली. “अगं, आता बी पोचत नाय बघ!”

“मान वाकडी कर,” मी म्हटलं.

मी ठरवून नाही म्हटलं. तोंडातून गेलं.

तिने मान वाकडी केली. बोटं कानाला लागली. तशीच, कान धरून, ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने हात खाली घेतला, बिरडं पुढ्यात ओढलं आणि सोलायला लागली. मीही सोलत राहिले. पुढे आम्ही काय बोललो? नारळाच्या भावाबद्दल बोललो बहुतेक.

निघताना तिने सोललेल्यातलं अर्धं बिरडं डब्यात भरून माझ्या हातात दिलं. म्हणाली, मीठ नीट घाल.

त्यानंतर मी दोनदा पोशीरला जाऊन आले. मंदा बोलते, चहा देते, पायरीपर्यंत सोडायला येते. शाळेची गोष्ट तिने पुन्हा सांगितलेली नाही.